डॅशकॅमची वायरिंग घरच्या घरी : अमळनेरच्या अंगणातल्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार

कॅमेरा आला. पुढच्या काचेचा एकच, १०८०पी. मागचा घ्यायचा की नाही ते पावसाळ्यानंतर बघू. निवडताना एका गोष्टीवर अडून बसलो होतो: आत लिथियमची बॅटरी नको, सुपरकपॅसिटर हवा. बहुतेक डॅशकॅमची सहनशक्ती खोक्यावर ६०-६५ अंशांपर्यंत लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४४-४५ होतं, मग बंद गाडीत काचेला चिकटलेल्या डबीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. लिथियमचा सेल अशा जागी फुगतो. कपॅसिटर वीज साठवतो ती काही सेकंदांपुरती, पण चावी बंद झाल्यावर चालू फाइल नीट मिटवायला तेवढे सेकंद पुरतात. त्याच्याकडून दुसरी अपेक्षाही नाही.

खोक्यातली केबल लाइटरच्या सॉकेटची आहे. ती लावून पारोळ्यापर्यंत जाऊन आलो. चित्र छान येतं. उसाच्या ट्रॉलीला मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, हे पुरावा म्हणून छान दिसतं. पण वायर काचेवरून लोंबते, गिअरच्या दांड्याला लागते, आणि सॉकेट एकच असल्यामुळे मोबाइल चार्जिंगवरून घरात तंटा. शिवाय चावी काढली की कॅमेरा मेला. बाजारात, बसस्टँडजवळ गाडी उभी असताना कोणी घासून गेलं तर काही कळणार नाही. म्हणून फ्यूजबॉक्समधून थेट लाइन काढायची.

मोटर रिवाइंडिंगचं दुकान असल्यामुळे वायरची भीती नाही. विचार करायचा आहे तो बॅटरीचा. उभ्या गाडीत कॅमेरा चालवायचा म्हणजे स्टार्टरच्या वाटणीतलं त्याला द्यायचं. किती द्यायचं, हे आधी ठरलं पाहिजे. वायर ओढणं हे त्यानंतरचं काम.

१२ जानेवारी, रविवार

हार्डवायर किट उघडलं. काड्याच्या पेटीएवढी डबी, आत १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. एका टोकाला कॅमेऱ्याची पिन, दुसऱ्या टोकाला तीन वायरी. पिवळी कायम चालू लाइनला, लाल चावीबरोबर चालू होणाऱ्या लाइनला, काळी बॉडीला. लाल वायर करंट फारसा ओढत नाही. चावी चालू आहे की बंद, एवढंच ती किटला सांगते. कॅमेऱ्याचं पोट भरतं ते पिवळीवर.

डबीच्या बाजूला छोटा सरकता स्विच आहे: ११.८, १२.०, १२.४ व्होल्ट. बॅटरी या आकड्याखाली गेली की किट कॅमेरा बंद करतं. ११.८ हा आकडा किटमध्ये ठेवलाच कशाला, कळत नाही. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली, आरामात असेल तर १२.६ ते १२.७ दाखवते, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२.० म्हणजे पाव उरली, आणि ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. सकाळी स्टार्टर मारला की नुसतं टिक-टिक. मी १२.४ वर ठेवून सुरुवात करणार.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

दुकान बंद, म्हणून फ्यूजबॉक्स उघडायला बसलो. आमच्या गाडीत तो ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्याच्या वर आहे. मान वाकडी करून आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. शेजारचे नाना तिळगूळ घेऊन आले तेव्हा माझे फक्त पाय दाराबाहेर होते.

"काय करी राहिना रे भो?"

"नाना, कॅमेऱ्याची लाइन काढतोय."

"बॅटरी उतरी जाई!"

नानांनी उभ्या उभ्या नेमका मुद्दा काढला. मग स्टूल घेऊन बसले आणि टॉर्च धरायचं काम स्वतःकडे घेतलं.

फ्यूज मिनी आहेत, पण बुटके, म्हणजे लो-प्रोफाइल. दिसायला मिनीसारखेच, पण पाय अंगाबाहेर जवळजवळ येत नाहीत. फ्यूज टॅप (फ्यूजच्या खाचेत बसून नव्या फ्यूजसकट जादा लाइन काढून देणारा जोड) घेताना हे बघितलं नाही तर साधा मिनी टॅप एक तर खाचेत बसत नाही, नाही तर अर्धवट बसून गरम होतो. एक फ्यूज काढून खिशात टाकला, उद्या धुळ्याला तांब्याच्या वायरीसाठी जायचंच आहे तेव्हा त्याच्याशी जुळवून टॅप आणीन. (काढलेला फ्यूज वायपरचा. जानेवारीत खान्देशात वायपरवाचून अडत नाही.)

कुठल्या फ्यूजला हात लावायचा नाही हे आधी झाकणावरच्या नकाशावरून पक्कं केलं: एअरबॅग, एबीएस, इंजिनचं ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), पॉवर स्टिअरिंग. तिथे टॅप मारून कॅमेरा चालेलही, पण एखाद दिवशी पिन ढिली झाली तर काय बंद पडेल याचा विचार करावा.

चावीबरोबर चालू होणारी लाइन लगेच मिळाली, ऑडिओची ॲक्सेसरी लाइन. चावी बंद, शून्य. चावी पहिल्या खटक्यावर, १२.५. सोपं.

कायम चालू लाइन शोधणं मात्र तितकं सोपं नाही. आतल्या दिव्याचा फ्यूज चावी काढल्यावरही १२.५ दाखवत होता, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. मी मीटरच्या पिना तिथेच अडकवल्या, मीटर सीटवर उताणा ठेवला, दारं लॉक केली आणि काचेतून बघत राहिलो. साधारण अर्ध्या तासाने आकडा धाडकन शून्यावर आला. दिवा चुकून चालू राहिला तर बॅटरी वाचावी म्हणून गाडीच ती लाइन झोपवते. तिथे पिवळी वायर लावली असती तर रात्रीचं पार्किंग रेकॉर्डिंग रोज अर्ध्या तासात संपलं असतं, आणि दोष कॅमेऱ्यावर गेला असता.

हॅझार्ड दिव्यांचा (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात ते) १० अँपिअरचा लाल फ्यूज मात्र तासाभरानेही जागाच होता. सेंट्रल लॉकचाही जागा असतो, पण तो २० अँपिअरचा पिवळा, आणि बाजारातल्या टॅपच्या पाकिटावर बहुधा १० अँपिअरची मर्यादा असते. हॅझार्ड पक्का.

१५ जानेवारी, बुधवार

टॅप मिळाले, आग्रा रोडला. दुकानदाराने आधी साधे मिनी दिले. खिशातला फ्यूज काउंटरवर ठेवल्यावर आतून दुसरा डबा आला.

१९ जानेवारी, रविवार

आज प्रत्यक्ष काम. आधी बॅटरीचं मायनस काढलं, १० नंबरचा पाना पुरतो. एअरबॅगच्या आसपास हात घालायचा असेल तर मायनस काढून काही मिनिटं थांबणं बरं. गाडीचं घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन जातात, जाऊ देत.

कॅमेऱ्याची जागा: आरशाच्या मागे, किंचित डावीकडे, म्हणजे माझ्या नजरेआड. काच जिथे वायपरने पुसली जाते तिथेच लेन्स यायला हवी, नाही तर पावसात कॅमेरा आंधळा. काचेच्या वरच्या कडेला काळे ठिपके असतात, त्यावर दुहेरी टेप नीट धरत नाही. त्यामुळे ठिपके संपतात तिथे, त्यांना न शिवता. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसली. टेप दाबून बसवली, पण कॅमेरा आज लावला नाही. टेपला पूर्ण पकड यायला एक दिवस तरी द्यावा, त्याआधी वजन टांगलं की मेमध्ये डबी मांडीवर पडते.

वायर आरशाच्या वर छताच्या कापडात दाबत उजवीकडे नेली. त्यासाठी खास प्लास्टिकची पट्टी मिळते. मुदत संपलेलं एटीएम कार्डही तेच काम करतं, आणि छताला ओरखडा पडत नाही. पुढे ड्रायव्हरच्या बाजूचा पिलर, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेचा खांब. त्याचं झाकण हाताने वरून ओढायचं, खाली दोन आकडे डॅशबोर्डमध्ये अडकलेले असतात ते तसेच सरकवून काढायचे. आमच्या गाडीत फक्त पुढच्या दोन एअरबॅग आहेत, पिलरमध्ये काही नाही. पण ज्यांच्या गाडीत पिलरवर "एअरबॅग" असा शिक्का आहे त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. तिथे पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. वायर तिच्या मागून, कंपनीच्या वायरिंगला धरून गेली पाहिजे. पुढून आडवी गेली तर एअरबॅग उघडताना वायर मधे येते.

पिलरमध्ये कंपनीचा एक हार्नेस (वायरींचा जुडगा) आणि छतावरच्या अँटेनाची केबल वरून खाली येते. माझी वायर त्या हार्नेसला दर वीतभर अंतरावर बांधली. केबल टाय वापरले, आणि जिथे प्लास्टिकला प्लास्टिक लागून खडखडेल तिथे कापडी टेप. साधी काळी इन्सुलेशन टेप मी गाडीत वापरत नाही. दुकानात येणाऱ्या पंपाच्या स्टार्टरमध्ये उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरून काळं चिकट पाणी होतं, पट्टी सुटून लोंबते. गाडीतही तेच होणार.

आता टॅप. इथे घाई करू नये. टॅपला दोन पाय असतात. त्यातला एक पाय दोन्ही फ्यूजना सामाईक, दुसरा फक्त जुन्या सर्किटकडे जाणारा. सामाईक पाय खाचेच्या बॅटरीकडच्या बाजूला यायला हवा. मग जुना फ्यूज जुन्या सर्किटपुरता राहतो आणि नवा नव्यापुरता. उलटा लावला तरी कॅमेरा चालतोच, पण त्याचा करंट आधी हॅझार्डच्या फ्यूजमधून जातो, आणि तो फ्यूज उडाला की दोन्ही गेले.

कोणता पाय सामाईक हे प्लास्टिकवर लिहिलेलं नसतं. टॅपमध्ये फक्त नवा छोटा फ्यूज घातला, मीटर बीपवर ठेवला, एक पिन टॅपच्या वायरीला, दुसरी आळीपाळीने दोन्ही पायांना. जिथे बीप वाजली तो सामाईक. त्याला मार्करने ठिपका. मग बॅटरी तात्पुरती जोडून रिकाम्या खाचेतल्या दोन्ही पाकळ्या तपासल्या. हॅझार्डच्या खाचेत वरची पाकळी १२.५, खालची शून्य. म्हणजे ठिपका वर. ऑडिओच्या खाचेत नेमकं उलटं निघालं. दोन्ही सारखेच असतील असं धरून चालायचं नाही.

नवीन फ्यूज दोन्हीकडे ३ अँपिअर, जांभळे. कॅमेऱ्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. पण फ्यूज असतो तो कॅमेऱ्यासाठी नाही, वायर जळू नये म्हणून. टॅपच्या पाकिटात १५ अँपिअरचा निळा येतो, तो काढून टूलबॉक्समध्ये टाकला. किटची वायर केसाएवढी बारीक, तिला १५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे फ्यूज नसल्यासारखाच.

वायर टॅपला जोडताना टॅपचा निळा जोड पक्कडीने दाबला नाही, क्रिंपरने दाबला, वर स्लीव्ह चढवून गरम केली. जुन्या वायरीला कुठेही कट मारलेला नाही. उद्या गाडी सर्व्हिसिंगला द्यायची झाली तर दोन टॅप उपटायचे, जुने फ्यूज परत लावायचे, काम संपलं.

अर्थिंगसाठी पायाजवळच्या पॅनेलमागचा बोल्ट. बोल्टखाली रंग होता, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) त्यावर बसवली तर कधी धरेल, कधी नाही. बोल्ट काढून थिंबलेवढा गोल पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, थिंबल लावली, वर ग्रीस फासलं. मीटर: थिंबल ते बॅटरीचं मायनस, पिनांचा स्वतःचा रोध वजा जाता ०.१ ओहमच्या आत. पास.

किटची डबी स्टिअरिंगच्या खाली एका ब्रॅकेटला बांधली. उरलेली वायर गुंडाळून तीही बांधली. इथे नानांना बोलावून दाखवलं: क्लच, ब्रेक, दोन्ही पूर्ण दाबून, स्टिअरिंग वर-खाली करून, काही लोंबतं का बघा म्हटलं. पायापाशी सुटलेली वायर हा या सगळ्या कामातला खरा धोका आहे. आगीपेक्षाही.

२० जानेवारी, सोमवार

कॅमेरा चढवला. चावी पहिल्या खटक्यावर, टुंग. चावी काढली, पार्किंग मोडचा दिवा. तारीख-वेळ बसवली, टाइमझोन जीएमटी+५:३०. हे आधी न करता जे घाईने रेकॉर्ड करतात त्यांच्या पुराव्यावर २०१८ सालची तारीख येते.

संध्याकाळी आकाशवाणी जळगाव लावलं तर निवेदकाच्या मागे भुंग्यासारखा आवाज. एफएमवर कमी, मीडियम वेव्हवर जास्त. कॅमेरा बंद केला, आवाज गेला.

२१ जानेवारी, मंगळवार

भुंगा हवेतून येतो की लाइनमधून, हे आधी ठरवलं. किटची पिन काढून कॅमेरा पॉवरबँकवर चालवला. आवाज नाही. म्हणजे कॅमेरा निर्दोष, किटमधला कन्व्हर्टर आवाज करतोय, आणि त्याची वायर पिलरमध्ये अँटेनाच्या केबलला चिकटून वर गेली आहे. तिथपर्यंत ती भुंगा घेऊन जाते.

उपाय दोन. दुकानातल्या जुन्या मॉनिटरच्या केबलवरचे फेराइटचे, लाइनमधला गोंगाट अडवणारे मणी काढले, एक किटच्या तोंडाशी, एक कॅमेऱ्याच्या तोंडाशी, वायरीचे दोन वेढे देऊन. आणि पिलरमध्ये माझी वायर अँटेनाच्या केबलपासून सोडवून हार्नेसच्या दुसऱ्या अंगाला बांधली. एफएम स्वच्छ. मीडियम वेव्हवर थोडी गुणगुण उरली, ती आबांनाच ऐकू येते, कारण मीडियम वेव्ह तेच लावतात.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आल्यावर करंट मोजला. पिवळ्या वायरीच्या टॅपमधला जांभळा फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी मीटरच्या पिना, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर. बॅटरीची वायर सोडायची गरज नाही.

रेकॉर्डिंग चालू: ०.२७ अँपिअर. पार्किंगमध्ये हालचाल टिपण्याच्या मोडवर: ०.२२. टाइमलॅप्सवर (ठराविक वेळाने एकेक फोटो): ०.२१. फक्त धक्का बसल्यावर जागा होणाऱ्या मोडवर: ०.०१ च्या आसपास. कॅमेरा बंद, नुसतं किट: मीटरला जेमतेम दिसतं.

आता हिशेब. बॅटरी ३५ अँपिअर-अवर. रात्रीचे दहा तास हालचालीच्या मोडवर म्हणजे २.२. गाडीचं स्वतःचं झोपेतलं खाणं साधारण ०.०३, त्याचे दहा तासांत ०.३. एकूण अडीच. कागदावर किरकोळ दिसतं. पण बॅटरी तीन उन्हाळे खाल्लेली आहे. उष्णतेत लेड-ॲसिडचं आयुष्य झपाट्याने घटतं, तापमान दहा अंशांनी वाढलं की निम्मं, असा ढोबळ नियम आहे. बॅटरीवर ३५ लिहिलेलं असलं तरी आत वीस-पंचवीस असतील. आणि घर ते दुकान, दुकान ते बाजार, या फेऱ्यांत इंजिन गरम होईपर्यंत आपण पोहोचलेले असतो. रात्री गेलेलं अल्टरनेटरला तेवढ्यात भरता येत नाही. धुळ्याची फेरी झाली तर भरतं. म्हणजे प्रश्न एका रात्रीचा नाही. रोजचं थोडं थोडं वजा होत आठवड्याने काय उरतं, तो आहे.

म्हणून रोजच्यासाठी धक्क्याचा मोड. हालचालीचा मोड गरज असेल त्याच दिवशी.

२ फेब्रुवारी, रविवार

हालचालीचा मोड मुद्दाम दोन रात्री चालवून पाहिला. कार्डात शेकडो छोट्या फाइली. शेळ्या, कडुनिंबाच्या फांदीची हलती सावली, पहाटे दूधवाला, परत शेळ्या. एक कुत्रं बॉनेटवर चढून बसलं होतं, ते घरी सगळ्यांना दाखवलं. याउपर त्या मोडचा आमच्या गल्लीत उपयोग नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

कार्डाचा हिशेब, कारण दोघांनी विचारलं. १०८०पी, सेकंदाला साधारण १५ मेगाबिट. तासाला पावणेसात जीबी. ६४ जीबीचं कार्ड नऊएक तासांत भरतं, मग जुन्यावर नवं. कार्ड "हाय एंड्युरन्स" लिहिलेलंच घ्यावं. मोबाइलचं साधं कार्ड दिवसरात्र पुसणं-लिहिणं सोसत नाही, आणि ते मेलं हे अपघात झाल्यावरच कळतं. महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातच फॉरमॅट, कॉम्प्युटरवर नाही.

धक्क्याची संवेदना खोक्यातून "मध्यम" येते. ती विदेशातल्या रस्त्यांसाठी असावी. आपल्याकडे प्रत्येक खड्डा आणि गावापुढचा प्रत्येक गतिरोधक हा अपघात समजून फाइल कुलूपबंद होते, आणि कुलूपबंद फाइलवर कॅमेरा परत लिहीत नाही. कार्ड खड्ड्यांनीच भरतं. "कमी" वर आणली. पार्किंगची संवेदना वेगळी असते, ती "मध्यम" राहू दिली.

९ मार्च, रविवार

दिवसा काचेत डॅशबोर्डवरच्या गणपतीचं प्रतिबिंब, व्हिडिओत तो सतत ट्रकसमोर तरंगत असतो. गणपती हलवायला आईचा नकार. लेन्सवर पोलराइझर फिल्टर चढवला, फिरवत फिरवत एका कोनात प्रतिबिंब पुसट झालं. रात्री तो काढायला हवा, नाही तर चित्र अंधारं.

रात्रीच्या चित्राबद्दल स्पष्टच लिहितो. समोरच्या गाडीच्या दिव्यात नंबरप्लेट पांढरी फटक दिसते, वाचता येत नाही. चालती गाडी असेल तर अजिबात नाही. कोण कुठून आलं, कोणी कट मारला, हे दिसतं. नंबरसाठी उपाय एकच: माइक चालू ठेवून तोंडाने नंबर म्हणायचा.

६ एप्रिल, रविवार

ऊन चढलं. दुपारी तीनला गाडी उन्हात उभी, मीटरच्या तापमानाच्या तारेने मोजलं. डॅशबोर्डचा पृष्ठभाग ७१ अंश. कॅमेऱ्याच्या पाठीमागे काचेजवळ ६३. आणि हा तर एप्रिल आहे. धक्क्याच्या मोडवर कॅमेरा जवळपास झोपलेला असतो, तरी त्याला दिवसभर वीज लावून या तव्यावर ठेवणं मला पटत नाही.

मेनूत जाऊन पार्किंग मोड रोज चालू-बंद करणं कोणी करत नाही, मीही करणार नाही. म्हणून तीन पिनांचा टू-वे स्विच बसवला, दुकानातच होता. मधल्या पिनेला किटची पिवळी वायर. एका बाजूला हॅझार्डची कायम लाइन, दुसऱ्या बाजूला ऑडिओची चावीची लाइन. स्विच वर: पार्किंगमध्येही वीज. स्विच खाली: पिवळी आणि लाल दोन्ही चावीवर, चावी काढली की कॅमेऱ्याला दाणापाणी नाही. खरेदी करताना बघायचं ते एवढंच की स्विच एक बाजू सोडूनच दुसरी धरणारा हवा, दोन्ही लाइनी क्षणभरही एकमेकींना लागता कामा नयेत. मीटर बीपवर ठेवून, स्विच हळूहळू दाबून खात्री केली.

स्विच खाली असताना स्टार्टर मारला की कॅमेरा एकदा बंद पडून परत सुरू होतो, कारण स्टार्टरच्या वेळी गाडी ॲक्सेसरी लाइन तोडते. सुरुवातीचे काही सेकंद जातात. चालेल.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी (अक्षय तृतीया)

दोघी बहिणींना आणायला गेलो होतो, एक चाळीसगावहून, एक शिरपूरहून. येताना गाडीत झोक्यावरची गाणी, सासरच्यांचा हिशेब, सगळं. घरी आल्यावर पोराने टीव्हीवर रेकॉर्डिंग लावलं, आवाजासकट. आमरस वाढायच्या आधी मोठ्या बहिणीने फर्मान काढलं की माइक बंद. बंद केला. कॅमेऱ्याला माइकचं वेगळं बटण आहे, हायवेवर एकटा असताना चालू करतो.

८ मे, गुरुवार

सखाराम महाराजांच्या यात्रेचा रथ. बोरी नदीच्या पात्राकडे गाडी नेणं शक्य नाही, लांब एका गल्लीत लावली, दोन्हीकडून मोटरसायकली. स्विच वर, हालचालीचा मोड. याच दिवसासाठी तो ठेवला होता.

९ मे, शुक्रवार

सकाळी बॅटरी १२.४५. किटने रात्रीतून कॅमेरा बंद केलेला नाही. डाव्या दारावर एक नवा ओरखडा आहे, पण कॅमेरा पुढे बघतो, दाराकडे नाही. फाइलमध्ये गाडी हलल्याचं दिसतं, आणि नंतर एक मोटरसायकल समोरून निघते, नंबर वाचता येतो. ती घासली की नाही हे त्यातून सिद्ध होत नाही. विषय सोडला.

याच निमित्ताने ओळखीच्या वकिलांना विचारून ठेवलं. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३, कलम ६३: जुन्या कायद्याच्या ६५बी ची ही जागा, १ जुलै २०२४ पासून लागू. व्हिडिओबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, दोन भागांचं, एक व्हिडिओ देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश किंमत (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा, बोटाच्या ठशासारखा आकडा) लिहावी लागते. फाइलचा एक अक्षरानेही बदल झाला की हॅश बदलते. म्हणून काही झालं तर फाइल कापायची नाही, व्हॉट्सॲपवर पाठवून तीच जपून ठेवायची नाही. कार्ड काढून बाजूला ठेवायचं आणि दुसरं घालायचं. एक जादा कार्ड आता गाडीच्या कागदपत्रांत ठेवलं आहे.

१५ जून, रविवार

बॅटरी बदलली. कॅमेऱ्यामुळे नाही, तिचं वय झालंच होतं. वायरमनने लोड टेस्टर लावला तर ९ व्होल्टच्या खाली बसली. नव्या बॅटरीवर किटचा कट-ऑफ १२.४ वरून १२.२ केला असता तरी चाललं असतं, पण गरज काय. आहे तिथेच ठेवला.

नाना विचारत होते त्यांच्या पिकअपला बसवून देतो का. त्यांच्याकडे केळीचा माल रात्री उभा असतो, त्यामुळे पार्किंग मोड हवाच. त्यांची बॅटरी मोठी आहे, आणि गाडी रोज रावेरपर्यंत जाते, म्हणजे भरतही असते. फक्त त्यांचे फ्यूज साधे मिनी आहेत, टॅप वेगळे आणावे लागतील. पिकअपचा आतल्या दिव्याचा फ्यूज झोपतो की नाही, ते मीटर लावून बघायचं आहे. येत्या रविवारी.